खोटे मेल आणि नको ते फोन: ओळखायचे कसे, टाळायचे कसे

बँक, कुरिअर, कर विभाग, मोबाइल कंपनी यांच्या नावाने येणारे मेल आणि फोन आता इतके हुबेहूब असतात की खरे कोणते आणि खोटे कोणते ते कळत नाही. ते ओळखायचे कसे, आणि रोज येणाऱ्या नको त्या कॉलचा त्रास कमी कसा करायचा, असा प्रश्न आहे. दोन्हींचे मूळ एकच असल्यामुळे उत्तरही एकत्रच देतो.

मेलमध्ये दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव आणि फोनच्या स्क्रीनवर उमटणारा नंबर, या दोन्ही गोष्टी पाठवणाऱ्याच्या बाजूने भरल्या जातात. मेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ साली ठरली, तेव्हा जाळ्यावरचे लोक एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे ‘हा खरेच तोच माणूस आहे का’ हे तपासण्याची सोय त्यात ठेवलीच नव्हती. फोनचेही तसेच आहे. इंटरनेटवरून कॉल लावणाऱ्या यंत्रणेत कोणता नंबर दाखवायचा हे अनेकदा एका रकान्यात टाइप करता येते. म्हणून नाव, लोगो, नंबर, बोलण्यातला आत्मविश्वास यांवरून निवाडा करायला बसलात, तर समोरच्याने मांडलेल्या पटावर तुम्ही खेळता आहात.

शुद्धलेखनाच्या चुका शोधा, हा जुना सल्लाही आता सोडून द्या. एआयच्या मदतीने कोणत्याही भाषेत निर्दोष मेल लिहून मिळतो. उलट, खऱ्या कंपन्यांच्या घाईत लिहिलेल्या मेलमध्येच चुका सापडतात.

सगळ्यांत उपयोगी सवय एकच आहे: निरोप ज्या वाटेने आला, त्या वाटेने परत जायचे नाही. मेलमध्ये ‘खाते बंद होणार’ असे म्हटले असेल तर मेलमधल्या लिंकला हात लावायचा नाही. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करायचा किंवा आधीपासून असलेले ॲप उघडायचे. निरोप खरा असेल तर तीच सूचना तिथेही दिसेल. फोन आला असेल तर ‘मी कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करतो’ म्हणून ठेवून द्यायचा. खरा कर्मचारी याला हरकत घेत नाही. हरकत घेणारा, ‘कॉल कट करू नका’ म्हणणारा, तिथेच उघडा पडतो. पुढचे सगळे तपशील, ही सवय पाळणे अवघड होते अशा वेळेसाठी आहेत.

मेल आतून कसा तपासायचा

प्रत्येक मेलवर पाठवणारा दोनदा लिहिलेला असतो. टपालाच्या पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्राखाली दुसरे नाव असावे, तसे. मेल पोहोचवणारे सर्व्हर पाकिटावरचा पत्ता बघतात, तुम्हाला मात्र आतलाच दिसतो. ही फट बुजवण्यासाठी तीन तपासण्या नंतर आल्या. अमुक डोमेनच्या (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, ते एसपीएफ सांगते. डीकिम मेलवर डिजिटल सही करते, म्हणजे वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. डीमार्क या दोन्हींचा मेळ तुम्हाला दिसणाऱ्या पत्त्याशी घालते आणि मेळ बसला नाही तर मेलचे काय करायचे हे सांगते.

जीमेलमध्ये हे बघायला संगणकावर मेल उघडा, उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात तिन्हींच्या पुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेले असते. इतर मेल प्रोग्राममध्ये ‘व्ह्यू सोर्स’ किंवा तत्सम नावाने संपूर्ण हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, मिळते. बँकेच्या नावाचा मेल आणि डीमार्कपुढे ‘फेल’, एवढे दिसले तर पुढे वाचायची गरज नाही.

‘पास’ दिसले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. हा घोळ फार जण करतात. ‘पास’चा अर्थ एवढाच की मेल त्या डोमेनवरूनच आला. ते डोमेन ठगानेच काल विकत घेतलेले असेल तरी तिन्ही ठिकाणी ‘पास’च दिसेल. दुसरा प्रकार याहून अवघड आहे: खऱ्या पेमेंट कंपनीच्या इन्व्हॉइस सुविधेतून किंवा खऱ्या फाइल शेअरिंग सेवेतून ठग मेल पाठवतो. पत्ता खरा, सही खरी, लोगो खरा. खोटा असतो तो फक्त ‘शेरा’ या रकान्यातला मजकूर, आणि त्यातच ठगाचा फोन नंबर दिलेला असतो.

‘रिप्लाय-टू’ हा रकानाही बघा. मेल ओळखीच्या पत्त्यावरून आलेला दिसतो, पण उत्तर द्यायला गेलात की ‘टू’मध्ये भलताच पत्ता येतो. कार्यालयात पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढचे बिल नव्या खात्यात भरा’ असा मेल येतो, तिथे ही खूण कामी येते. अर्थात पुरवठादाराची मेलपेटीच फोडलेली असेल तर पत्ताही खरा असतो आणि जुना पत्रव्यवहारही खाली जोडलेला असतो. खाते बदलाची सूचना कशीही आली तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. मेलमधल्या सहीखालचा नंबर यासाठी चालत नाही.

लिंक वाचायची कशी

संगणकावर लिंकवर माउस नुसता न्या, क्लिक करू नका. खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर बोट दाबून धरा, पण काही फोनवर असे केल्यावर पानाची झलकही उघडते, म्हणून शंका दाट असेल तर तेही टाळा.

पत्ता वाचायचा तो असा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून डावीकडे या. शेवटचे दोन तुकडे म्हणजे खरा मालक. समजा पत्ता आहे ‘मायबँक डॉट कॉम डॉट केवायसी-अपडेट डॉट नेट’, आणि मग तिरपी रेघ. इथे मालक ‘केवायसी-अपडेट डॉट नेट’ आहे. आधीचे ‘मायबँक डॉट कॉम’ ही नुसती सजावट आहे, ती कोणालाही लावता येते. काही देशांच्या पत्त्यांत ‘डॉट को डॉट यूके’ किंवा ‘डॉट को डॉट इन’ अशी दुहेरी शेपटी असते, तिथे तीन तुकडे घ्या. तिरप्या रेघेच्या उजवीकडे बँकेचे नाव दहा वेळा असले तरी त्याला काडीची किंमत नाही. त्या पहिल्या रेघेच्या आधी ‘@’ चिन्ह असेल तर चिन्हाच्या डावीकडचे सगळे ब्राउझर सोडून देतो, खरा पत्ता उजवीकडून सुरू होतो.

अक्षरांच्या युक्त्या निराळ्या. इंग्रजी आर आणि एन ही छोटी अक्षरे शेजारी लिहिली की छोटा एम दिसतो. एलच्या जागी एकचा आकडा येतो, ओच्या जागी शून्य. रशियन लिपीतला ‘अ’ तर इंग्रजी ‘ए’सारखाच दिसतो. अशा पत्त्यांचे खरे रूप ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होते. २०१७ मध्ये एका प्रसिद्ध कंपनीचा पत्ता याच रीतीने हुबेहूब बनवून दाखवला गेला, त्यानंतर ब्राउझरनी असे पत्ते उघड्या रूपात दाखवायचे नियम कडक केले. तरी डोळ्यांवर विसंबण्याला मर्यादा आहे.

म्हणूनच पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारे ॲप, वापरा असे आग्रहाने सांगतो. सोय म्हणून तर तो चांगला आहेच, पण इथे तो राखणदाराचे काम करतो. त्याला पान कसे दिसते याच्याशी देणेघेणे नसते, तो फक्त डोमेन जुळवतो. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा तुम्ही दुसऱ्याच घरात शिरला आहात. अशा वेळी पासवर्ड हाताने कॉपी करून घालणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विश्वास ठेवू नका. तुमच्या आणि साइटच्या मधला मजकूर कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. साइट कोणाची आहे ते सांगत नाही. ते कुलूप दिसण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ पासून फुकट मिळते आणि ठगही ते लावतात.

ओटीपी असला की आपण सुरक्षित, हाही समज अर्धवट आहे. बनावट पान मधल्या दलालासारखे काम करते: तुम्ही टाकलेला पासवर्ड ते त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकते, खरी साइट ओटीपी मागते, तोही तुमच्याकडून घेऊन पुढे ढकलते. ॲपमधला कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो, आणि या देवघेवीला तेवढा वेळ पुरतो. पासकी (पासवर्डऐवजी तुमच्या फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबी सुरक्षा किल्ली याला बधत नाही, कारण ती त्या डोमेनशीच बांधलेली असते. जिथे ही सोय मिळते तिथे, निदान मुख्य मेल खात्याला तरी, लावून घ्या. बाकीच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायचा रस्ता त्याच मेलपेटीतून जातो.

जोडलेल्या फाइली, क्यूआर आणि लिंक नसलेले मेल

फाइल उघडण्याआधी तिचे शेपूट बघा. विंडोज ते मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल ‘बिल डॉट पीडीएफ’ अशी दिसते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करून ठेवा. एचटीएमएल, आयएसओ, एलएनके, जेएस अशा शेपटांच्या फाइली मेलने येण्याचे सहसा काही कारण नसते. एचटीएमएल फाइल तुमच्याच संगणकावर बनावट लॉगिन पान उघडते, त्यामुळे संशयास्पद पत्ताही दिसत नाही. झिप फाइल पासवर्डाने बंद आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये, असे असेल तर ती सुरक्षिततेची काळजी नव्हे: व्हायरस तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येऊ नये म्हणून केलेली ती सोय असते. वर्ड किंवा एक्सेलची फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगत असेल तर बंद करा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो (फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली, म्हणून आता ‘अडवणूक कशी काढायची’ याच्या सूचनाच मेलमध्ये दिलेल्या सापडतात. मोबाइलवर मेसेजमधून आलेली एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणारी फाइल, कोणत्याही कारणाने बसवू नये.

मेलमध्ये क्यूआर कोड का देतात, तेही समजून घ्या. कोड हे चित्र असते, त्यामुळे लिंक चाळणाऱ्या यंत्रणेच्या तावडीतून ते निसटू शकते. शिवाय तुम्ही तो कार्यालयाच्या संरक्षित संगणकाऐवजी स्वतःच्या फोनवर उघडता.

ज्यात लिंकही नाही आणि फाइलही नाही, असे मेल मला सर्वांत घातक वाटतात. ‘तुमच्या अँटिव्हायरसचे वार्षिक शुल्क आज कापले जाईल, रद्द करायचे असल्यास या नंबरवर फोन करा.’ फोन तुम्ही स्वतः लावलेला असतो, म्हणून मन गाफील असते. पलीकडचा माणूस नम्र असतो. तो ‘रिफंड फॉर्म भरायला मदत’ म्हणून स्क्रीन शेअर करणारे ॲप बसवायला लावतो. मग तुमच्याच बँकेच्या पानावरचा आकडा ब्राउझरमध्ये बदलून दाखवतो आणि म्हणतो, ‘चुकून एक शून्य जास्त पडले, माझी नोकरी जाईल, वरचे पैसे परत पाठवा.’ पानावर दिसणारा आकडा त्याला तात्पुरता बदलता येतो, खात्यातली शिल्लक नाही. आपण होऊन फोन केलेला नसताना, किंवा अशा मेलमधल्या नंबरवर केलेला असताना, दुसऱ्याला आपली स्क्रीन दाखवायची नाही, हा नियम घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा. त्यांना यात ओढणे सोपे जाते ते त्यांच्या भिडस्तपणामुळे, आणि समोरच्याला मदत नाकारणे त्यांना जड जाते म्हणून.

जुना पासवर्ड लिहून ‘तुमचा व्हिडिओ आमच्याकडे आहे’ अशी धमकी देणारा मेल आला तर घाबरू नका. तो पासवर्ड बहुधा कधीतरी फुटलेल्या एखाद्या साइटच्या यादीतला असतो. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या २०१३ पासून चालू असलेल्या साइटवर आपला मेल पत्ता टाकला की तो कोणत्या गळतीत सापडला होता ते दिसते. तो पासवर्ड अजून कुठे चालू असेल तर बदला आणि मेलला उत्तर देऊ नका.

फोनवरची फसवणूक

फोन करणाऱ्याला तुमचे नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे माहीत असणे हा पुरावा नव्हे. ही माहिती गळत्यांमधून विकत मिळते. आवाज ओळखीचा असणे हाही आता पुरावा राहिलेला नाही, थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कल होते. मुलगा किंवा पुतणी रडत ‘अपघात झालाय, लगेच पैसे पाठव’ म्हणत असेल तर फोन ठेवा आणि त्यांच्या नेहमीच्या नंबरवर लावा. घरच्यांनी मिळून एखादा परवलीचा शब्द ठरवून ठेवला तर आणखी बरे.

गोष्ट कोणतीही रचलेली असो, साचा तोच असतो: वेळ थोडा आहे, कोणाला सांगू नका, फोन चालू ठेवा. पोलीस किंवा तपास यंत्रणेच्या नावाने व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवण्यामागे एकच हेतू असतो, तुम्ही दुसऱ्या कोणाशी बोलू नये. पैसे मागतात तेही परत फिरवता येणार नाहीत अशा मार्गाने: गिफ्ट कार्डचे नंबर, क्रिप्टो, किंवा ‘तपास होईपर्यंत सुरक्षित खाते’. असे सुरक्षित खाते कोणतीही बँक किंवा पोलीस देत नाहीत.

ओटीपीचा मेसेज आला की आकडाच नजरेत भरतो, पण आधी सगळा मजकूर वाचा. त्यात बहुतेक वेळा ‘अमुक रक्कम अदा करण्यासाठी’ किंवा ‘नव्या फोनवर नोंदणीसाठी’ असे कारण लिहिलेले असते. समोरचा ‘रद्द करण्यासाठी कोड सांगा’ म्हणत असेल आणि मेसेजमध्ये ‘अदा करण्यासाठी’ लिहिले असेल, तर विषय संपला.

एक युक्ती कमी लोकांना ठाऊक आहे. ‘नेटवर्क दुरुस्त करायला’ किंवा ‘पार्सलवाल्याशी बोलायला’ म्हणून तुम्हाला *२१* किंवा **२१* अशा अक्षरांनी सुरू होणारा, पुढे दहा-बारा आकडे आणि शेवटी # असलेला कोड डायल करायला सांगतात. तो कॉल वळवण्याचा कोड असतो. डायल केलात की तुमचे सगळे कॉल ठगाच्या फोनवर जातात, त्यात ओटीपी बोलून सांगणारे कॉलही आले. तपासायला बहुतेक जीएसएम नेटवर्कवर *#२१# डायल करा. उत्तरात ‘फॉरवर्डेड’ आणि अनोळखी नंबर दिसला तर ##००२# डायल केल्यावर सगळे वळवलेले कॉल रद्द होतात. *#६२# ने फोन बंद असतानाचे वळण कळते, पण तिथे दिसणारा नंबर अनेकदा मोबाइल कंपनीच्या व्हॉइसमेलचाच असतो, त्याने दचकू नका. दोन सिम असतील तर दोन्हींवर तपासा.

शेजारच्यांच्या फोनला रेंज आहे आणि तुमची एकाएकी पूर्ण गेली, तर तुमच्या नंबरचे नवे सिम दुसऱ्याने काढून घेतल्याची शक्यता धरा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला आणि मग बँकेला कळवा. लँडलाइनबाबत एक सावधगिरी: काही ठिकाणी तुम्ही रिसीव्हर ठेवला तरी फोन करणाऱ्याने ठेवेपर्यंत लाइन थोडा वेळ जोडलेली राहते. ठग डायल टोनचा आवाज ऐकवतो आणि तुम्ही ‘बँकेला’ लावलेला फोन त्यालाच जातो. खात्रीचा फोन दुसऱ्या उपकरणावरून करा.

नुसता त्रास देणारे कॉल

फोन उचलल्यावर पलीकडे शांतता असते, कारण विक्रीवाल्यांचे यंत्र एकाच वेळी अनेक नंबर लावते आणि जो आधी उचलेल त्याला मोकळा माणूस मिळतो, बाकीचे कॉल पडतात. कधी नुसते नंबर चालू आहे का ते तपासायचे असते. दोन्ही वेळी न बोलता ठेवा. ‘यादीतून नाव काढायला नऊ दाबा’ हे दाबू नका, दाबल्याने या नंबरावर माणूस आहे एवढेच त्यांना कळते. परदेशी कोडचा एकच रिंग देऊन तुटलेला कॉल परत लावू नका, पलीकडे महागडा प्रीमियम नंबर असतो.

एकेक नंबर ब्लॉक करत बसण्यात फारसा अर्थ नाही, पुढचा कॉल नव्या नंबरावरून येतो. आयफोनमध्ये २०१९ पासून ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ आहे: यादीत नसलेले कॉल वाजत नाहीत, नोंद मात्र राहते. अँड्रॉइडच्या गुगल फोन ॲपमध्ये स्पॅम कॉल गाळण्याची सोय सेटिंगमध्ये मिळते. नोकरीच्या मुलाखतीचा, दवाखान्याचा किंवा डिलिव्हरीचा फोन अपेक्षित असेल त्या दिवशी ही सोय बंद ठेवा. नाव दाखवणारी इतर ॲप बसवताना ती तुमची संपूर्ण संपर्क यादी मागतात का ते बघा. तिथे इतरांची माहितीही तुम्ही परस्पर देत असता.

‘डू नॉट डिस्टर्ब’ नोंदणी जिथे उपलब्ध आहे तिथे करा. ती फक्त कायदा पाळणाऱ्या कंपन्यांना थांबवते, पण नोंदणीनंतरही येणारा विक्रीचा कॉल त्यामुळे आपोआपच संशयास्पद ठरतो. कोणी रागाने ‘तुम्ही मला सारखा फोन का करता’ असे विचारले तर तुमचा नंबर दुसऱ्याने दाखवायला वापरला आहे. फोन हॅक झालेला नसतो आणि हे सहसा काही दिवसांत थांबते. अमेरिकेत मोठ्या फोन कंपन्यांना जून २०२१ पासून कॉलच्या नंबरावर डिजिटल सही करणे बंधनकारक झाले, पण जुन्या पद्धतीच्या एक्स्चेंजमधून जाताना ती सही टिकत नाही.

मेलच्या बाबतीत, ज्या दुकानाचे सदस्यत्व तुम्ही खरेच घेतले होते त्यांचे ‘अनसबस्क्राइब’ निर्धास्त दाबा. २०२४ पासून गुगल आणि याहू मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांकडे एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय मागतात, आणि ते बटण मेलच्या वरच्या बाजूला, मेल ॲपनेच दाखवलेले असते. अनोळखी मेलच्या पोटातले ‘अनसबस्क्राइब’ दाबू नका, तो मेल स्पॅममध्ये टाका. चित्रे आपोआप उघडणे बंद ठेवा, एका ठिपक्याएवढ्या चित्रावरून मेल कधी उघडला ते पाठवणाऱ्याला कळते.

फसलोच तर

पहिल्या तासाला फार किंमत आहे, लाज वाटण्यात तो घालवू नका. स्क्रीन शेअरिंग चालू असेल तर इंटरनेट तोडा. बँकेला कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून व्यवहार थांबवायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या, मग देशाच्या सायबर गुन्हे यंत्रणेकडे नोंदवा. दुसऱ्या उपकरणावरून आधी मेलचा पासवर्ड बदला आणि ‘सगळीकडून लॉग आउट’ करा. चोरलेले लॉगिन पासवर्ड बदलल्यावरही काही वेळा चालू राहते. त्यानंतर मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा: बँकेचे मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा किंवा बाहेर पाठवणारा नियम तिथे लावून ठेवलेला असू शकतो. रिकव्हरी नंबर आणि जोडलेली ॲपही तपासा.

मेल, मेसेज, कॉलची नोंद काही पुसू नका. वेळ, नंबर, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवा. आणि पुढच्या काही आठवड्यांत ‘तुमचे बुडालेले पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येण्याची तयारी ठेवा. फसलेल्यांच्या याद्या ठग एकमेकांना विकतात. पैसे परत मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणारा कोणीही असो, तोही नंबर त्याच तक्रारीत जोडा.